बिनधुराचं घर

फार वर्षांमागं एका गावाच्या वेशीबाहेर, जुन्या गाडीवाटेला लागून, सुभाना नावाचा एक भडभुंजा राहायचा. सोबत बायको कौसा आणि म्हातारी आई. घर बेताचंच, पण अंगण भलं मोठं, आणि अंगणाच्या कडेला भट्टी.

भट्टी पेटली आणि कढईतली वाळू तापली की सुभाना तिच्यात हरभरे टाकायचा, झाऱ्यानं हलवत राहायचा. मग सगळं चाळणीवर ओतायचा. वाळू खाली गळायची, फुटाणे वर राहायचे. भट्टीचा धूर लांबून दिसायचा. तो दिसला की गाडीवाले बैलांना हाकारे द्यायचे, अंगणात येऊन गाड्या सोडायचे. फुटाणे घ्यायचे, लाह्या घ्यायच्या, धोतराच्या सोग्यात बांधून पुढच्या वाटेला लागायचे. घराचं सुखानं चाललं होतं.

मग डोंगरावरून नवा रस्ता निघाला. तिकडून फेरा वाचतो म्हणून गाड्या तिकडूनच जायला लागल्या. जुन्या वाटेवर गवत उगवलं. दिवसभर भट्टी पेटवून बसलं तरी टोपली अर्धी भरलेलीच राहायची, आणि मऊ पडलेले फुटाणे घरातच खायला लागायचे.

आता त्या गावात चूलपट्टीची रीत होती. ज्या घरात चूल पेटते, त्या घरानं सुगीनंतर चावडीवर पट्टी भरायची. त्यातून विहिरीचा गाळ निघायचा, वेशीतला दिवा जळायचा, राखणदाराच्या पोटाला मिळायचं. चुली मोजायच्या कशा, तर सकाळी राखणदार बुरुजावर चढून पाहायचा. धूर दिसला की त्या घराला पट्टी लागली. कोणी घर बंद करून परगावी गेलं असेल, तर तेवढ्या काळाची पट्टी माफ.

सुभानाची एका सुगीची पट्टी थकली. पुढच्या सुगीला दोन्ही मिळून भरू, असं त्यानं ठरवलं. पुढची सुगी आली तेव्हा हात पहिल्यापेक्षा रिकामा होता. चावडीवरून जायची वेळ आली की तो मागच्या गल्लीनं जायला लागला. चावडीचे कारभारी समोरून येताना दिसले की वाकून पायातला काटा काढायला लागला. काटा काही नसायचा.

एक दिवस तो घरी आला आणि बायकोला म्हणाला, "कौसा, उद्यापासून भट्टी पेटवायची नाही. चूलसुद्धा नाही."

"मग खायचं काय, कच्चं पीठ?"

"कोळशाची शेगडी आहे की. दार लावून तिच्यावर भाकरी थाप. हरभरेही तिच्यावरच थोडे थोडे भाजू आणि लांबच्या बाजारात नेऊन विकू. धूरच दिसला नाही, तर पट्टी कशाची लागेल?"

कौसा म्हणाली, "दारात येणाऱ्या गिऱ्हाइकाला दार लावायचं आणि लांब जाऊन गिऱ्हाईक शोधायचं. अहो, त्यापेक्षा चावडीत जाऊन सांगा ना, कमाई बुडाली म्हणून."

"चावडीत चारचौघं बसलेली असतात. त्यांच्यासमोर सांगू, मला झेपत नाही म्हणून?"

कोपऱ्यातून म्हातारी बोलली, "धूर बाहेर सोडायचा नाही म्हणतोस, तर माझ्या डोळ्यांना विचारलंस का बाबा?"

पण सुभानानं ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून घर बिनधुराचं झालं. पुढचं दार बंद. जायचं-यायचं ते मागच्या दारानं, ओढ्याच्या बाजूनं. कौसा गावच्या विहिरीवर जायची बंद झाली, ओढ्याचं पाणी भरायला लागली. म्हातारी खोकला आला की पदराचा बोळा तोंडाशी धरायची. गावातलं कोणी फुटाण्यांसाठी आलंच, तर थंड भट्टीकडे पाहून परत जायचं. सुभाना पाठीवर पोतं घेऊन लांबच्या बाजारांना जायचा. तिथं त्याला कोण ओळखतंय? पोतं घेऊन गेला तसाच पुष्कळदा परत यायचा. पट्टी वाचवायला म्हणून धूर झाकला, आणि होती ती मिळकतही त्या धुराबरोबर झाकली गेली.

थंडीचे दिवस असेच सरले. एका सकाळी तिघं शेगडीभोवती भाकरी खात बसली होती. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. कौसानं फटीतून पाहिलं. एक धिप्पाड लोहार गाडीतून उतरला होता. गाडीत ऐरण, भाता, लोखंडाचे तुकडे. हातात दोरी घेऊन तो अंगणाची लांबी-रुंदी मोजत होता. मोजता मोजता तो भट्टीशी आला, तिला लाथेनं जरा हलवून पाहिलं आणि आपल्याशीच म्हणाला, "ही पाडायला लागेल."

सुभाना उठला आणि धाडकन दार उघडून बाहेर आला. "कोण रे तू? माझी भट्टी पाडणारा?"

लोहार दचकला. सुभानाच्या हातात अर्धी भाकरी तशीच होती. लोहार एकदा भाकरीकडे पाहायचा, एकदा दाराकडे.

"घर रिकामं आहे म्हणून सांगितलं मला," तो म्हणाला. "चावडीतल्या कारभाऱ्यांनी. म्हणाले, थंडीभर धूर नाही निघाला, माणसं गाव सोडून गेली. आज दुपारी चार जणांसमोर ही जागा माझ्या नावावर करून देणार आहेत."

सुभाना पायरीवर बसला. धूर नाही म्हणजे पट्टी नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. धूर नाही म्हणजे घरही नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

कौसा आणि म्हातारी दारात येऊन उभ्या राहिल्या. लोहार ओशाळला. "मी काय करू बाई? माझी पोरंबाळं मागच्या गावात झाडाखाली बसलीत," तो म्हणाला आणि बैलांना पाणी दाखवायला ओढ्याकडे निघून गेला.

तो गेला तसा सुभाना हलक्या आवाजात बोलायला लागला. "अजून दुपार व्हायची आहे. मी चावडीत जातो. सांगतो, आम्ही थंडीभर तुझ्या माहेरी होतो, कालच आलो. म्हणजे जागाही जात नाही, आणि परगावी होतो म्हणून या वर्षाची पट्टीही माफ. मागची तेवढी राहील."

कौसा भट्टीकडे गेली होती. ती भट्टीतली जुनी राख हातानं बाहेर काढत होती.

म्हातारी मात्र मुलाच्या शेजारी येऊन बसली. "चांगली युक्ती आहे. फक्त मला नीट सांगून ठेव. तिथं मी कोणाच्या ओसरीवर झोपत होते? जेवायला काय असायचं? कौसाच्या भावाची बायको माझ्याशी बरी वागली का कशी? म्हातारं माणूस आहे, कोणी विचारलं आणि चुकलं तर पंचाईत."

"आई, थट्टा नको करूस."

"थट्टा कसली? थंडीभर मला खोकला गिळायला लावलास, तो गिळला. आता मरेपर्यंत ही न घडलेली गोष्ट सांभाळायची. ती सांभाळायला तरी येऊ दे. लोहारालाही शिकवून ठेव, त्यानं तुझ्या हातातली भाकरी पाहिली आहे."

 तेवढ्यात सुभानाला धुराचा वास आला. कौसानं भट्टी पेटवली होती. काटक्यांनी पेट घेतला, जाळ वर आला आणि धुराचा लोट सरळ आभाळात गेला. बुरुजावर राखणदार उभा होता, तो तिकडेच पाहत होता.

"हे काय केलंस?" सुभाना म्हणाला.

"घर आपलं आहे ना? मग धूरही आपलाच," कौसा म्हणाली. "तुम्ही चावडीत जाऊन काय सांगायचं ते तुम्ही बघा. मी हरभरे टाकते."

दुपारी सुभाना चावडीत गेला. चारचौघं बसलेलीच होती. लोहार एका खांबाला टेकून उभा होता. कारभारी म्हणाले, "ये सुभाना. आम्ही तर तुझ्या घरावर फुली मारत होतो. कुठं होतास थंडीभर?"

लोहारानं मान दुसरीकडे वळवली. तो काही बोलणार नव्हता, हे सुभानाला कळलं. माहेरी होतो एवढं म्हटलं की काम झालं असतं. शब्द त्याच्या ओठांवर आलाही.

"घरातच होतो," तो म्हणाला. "दार लावून. नवा रस्ता झाला तशी कमाई गेली. पट्टी थकली, सांगायची लाज वाटली, म्हणून धूर झाकला. दंड काय असेल तो करा, पण जागा काढून घेऊ नका. भट्टी गेली तर थकलेलं कधीच फिटायचं नाही."

चावडीत कोणी हसलं नाही. एक जण म्हणाला, "तरीच म्हटलं, सुभाना असा न सांगता कसा गेला."

कारभाऱ्यांनी सुभानाला समोर बसवलं. मग म्हणाले, "थकलेलं मला पुसता येणार नाही. तुझ्या वाट्याचा गाळ विहिरीतून दुसऱ्या कोणीतरी उपसलाय, त्याचे हात दुखलेत. पण एका दमात दे म्हणायला ही काही दरोडेखोरांची टोळी नाही, चावडी आहे. ज्याची मिळकत निम्मी झाली त्याला त्या वर्षाची पट्टी निम्मी, ही आपली जुनी रीत आहे. फक्त ती येऊन मागावी लागते. आम्हाला कोणाच्या मडक्यात डोकावून पाहता येत नाही."

"मला ठाऊक नव्हतं," सुभाना म्हणाला.

"मागच्या गल्लीनं गेल्यावर कसं ठाऊक होणार?" कारभारी म्हणाले. "मागची बाकी दर बाजाराला थोडी थोडी दे. यंदाची निम्मी, तीही गाळ उपसणाऱ्यांना फुटाणे देऊन फेड. आणि धूर लपवलास म्हणून यंदा गाळ उपसायला तू स्वतः विहिरीत उतरायचं."

"उतरतो," सुभाना म्हणाला. त्याच्या छातीवरचा दगड बाजूला झाला.

लोहार मात्र दोरी गुंडाळून बाहेर पडला होता आणि बैल जुंपत होता. त्याला आता पुढचं गाव पाहायचं होतं. सुभाना त्याच्यामागं धावला. "अहो लोहारदादा, हातातली भाकरी पाहिल्याचं तुम्ही आधीच सांगितलं असतं, तर मी सगळ्यांसमोर खोटा पडलो असतो. पण तुम्ही मला माझं मी बोलू दिलंत. माझं अंगण मोठं आहे. गाड्या उभ्या राहायच्या तेव्हा लागायचं, आता नुसतं पडलंय. पलीकडच्या कडेला भाता मांडा."

लोहार म्हणाला, "आणि भट्टी?"

"ती पाडायची नाही."

लोहार हसला आणि त्यानं गाडी माघारी वळवली. कारभाऱ्यांनी अंगणातली कडेची जागा त्याला लावून दिली, आणि गावात चूलपट्टीचं आणखी एक घर वाढलं. त्याच्या पोरांना पाहून म्हातारी म्हणाली, "चला, आता खोकायला सोबत झाली."

सुभाना विहिरीत उतरला, गाळ उपसला, वर येऊन त्याच माणसांना फुटाणे वाटले. कौसा पुन्हा गावच्या विहिरीवर पाण्याला जायला लागली.

नवा रस्ता जवळचा होता खरा, पण दगडधोंड्यांचा. पहिल्या पावसाळ्यानंतर गाड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी धावा ढिल्या पडायला लागल्या. लोहार कुठं आहे, असं गाडीवाले विचारू लागले. कोणीतरी खाली बोट दाखवायचं, जिथं दोन धूर शेजारी शेजारी निघताना दिसायचे. मग गाड्या जुन्या वाटेनं खाली उतरायच्या. धाव तापवून चाकावर चढवायची म्हणजे अर्धा दिवस जायचा. तेवढा वेळ गाडीवाल्यानं करायचं काय? तो भट्टीसमोर बसायचा, गरम फुटाणे खायचा आणि जाताना घरच्यांसाठी पुडके बांधून न्यायचा.

पुढच्या सुगीला मागची सगळी बाकी फिटली आणि त्या सुगीची पट्टी पूर्ण भरली गेली. पुढच्या बाजारातून येताना सुभानानं म्हाताऱ्या आईला लुगडं आणलं, कौसाला हिरव्या बांगड्या. त्या घराच्या अंगणात पुन्हा गाड्या मावेनाशा झाल्या.

तात्पर्य: कमाई घटली आणि गावचं देणं थकलं, तर दार लावून बसू नये. आपण होऊन जावं, आहे ते खरं सांगावं आणि जमेल तसं फेडत राहावं.