खारवलीच्या दोरीवरचं नाव

खाडी जिथं समुद्राला मिळते, तिथं खारवली नावाचं गाव होतं. सकाळी धुकं इतकं दाट पडायचं की माडांचे नुसते शेंडे वर दिसायचे आणि गाव खाली कुठंतरी तरंगतंय असं वाटायचं. बोलणं ऐकू यायचं, माणूस दिसायचा नाही. उन्हं आली की गाव हळूहळू खाली उतरायचं. मग चुली पेटायच्या, होड्या निघायच्या आणि सगळं तुमच्या-आमच्या गावासारखंच व्हायचं.

एक रीत मात्र त्या गावाची स्वतःची होती. धक्क्यावर बांबूचे खांब रोवलेले होते आणि त्यांच्यावरून एक लांब दोरी ओढलेली होती. कुणी उधारी बुडवली की पांढऱ्या फडक्यावर काताच्या रंगानं त्याचं नाव लिहायचं आणि ते फडकं दोरीला बांधायचं. येणाजाणारा व्यापारी आधी दोरीकडे बघायचा आणि मगच माल उधार द्यायचा. पुढं कर्ज फिटलं तर फडक्याच्या कोपऱ्याला गाठ मारायची, पण फडकं उतरवायचं नाही. घडलं ते घडलं. मात्र ते जन्मभर टांगायचंही नाही. सात नारळी पौर्णिमा गेल्या की उन्हानं, खाऱ्या वाऱ्यानं अक्षरं उडून जायची. वाचता येत नाही असं फडकं उतरवायचं आणि त्याचा विषय पुन्हा काढायचा नाही. शहाणं गाव होतं हो. आपल्याकडे एकदा पाय घसरला तर लोक नातवंडांना सांगत बसतात.

वर्षं कोण मोजणार? कुणीच मोजत नसे. दर्याला सगळं कळतं, तोच नाव पुसतो, अशी गावाची श्रद्धा होती. ज्याचं नाव लवकर जाईल त्याचं मन साफ. ज्याचं राहील त्याचं काहीतरी अजून फिटायचंय, असं समजायचं.

ही दोरी सांभाळायचं काम तुळाजी रंगाऱ्याकडे होतं. तो शिडं रंगवायचा. काताच्या रंगात हात घालून घालून त्याची बोटं कायमची तांबूस झाली होती. माणूस सरळ, हिशोबाला चोख, पण मनात धरून ठेवणारा. त्याच्या घरापासून चार पावलांवर धाकू मेस्त राहायचा. धाकू होड्या बांधायचा. शिडं तुळाजीची आणि होडी धाकूची असा दोघांचा वर्षानुवर्षांचा जोडधंदा होता. एकाच्या घरी मासा शिजला की दुसऱ्याच्या घरी वाटी जायची.

एका वर्षी धाकूनं मोठा मचवा बांधला आणि त्याची सगळी शिडं तुळाजीकडून उधारीवर घेतली. मचवा विकला की पैसे देणार होता. पहिल्याच फेरीत मचवा खडकावर गेला. माणसं पोहून आली, पण लाकूड, शिडं, पैसा, सगळं बुडालं. तुळाजीनं त्या पैशावर लेकीचं लग्न ठरवलं होतं. पैसे नाहीत म्हणून तिथी पुढं ढकलली. पुढं ढकलली तसे पाहुणे बिथरले आणि लग्न मोडलं. हिरवा चुडा भरलेली पोर तीन दिवस दारात बसून राहिली. तुळाजीनं फडकं काढलं, त्यावर आपल्या हातानं धाकूचं नाव लिहिलं आणि दोरीला बांधलं.

धाकूनं दुसऱ्यांच्या होड्यांची डागडुजी केली, भाड्यानं वल्ही मारली, आणि पाचव्या वर्षी शेवटचा पैसा तुळाजीच्या ओटीवर ठेवला. तुळाजीनं पैसे मोजले आणि फडक्याला गाठ मारली. धाकू तसाच पायऱ्या उतरून निघून गेला. तेव्हापासून धाकू त्या दारावरून मान खाली घालून जायचा. तुळाजीला त्याचा आणखी राग यायचा. ‘पैसे टाकले की झालं? माझ्या पोरीचं काय झालं, ते एकदा तरी विचारावं की नाही माणसानं?’ तो बायकोला म्हणायचा. बायको म्हणायची, ‘अहो, पोरीचं दुसरीकडे लग्न झालं, तिला दोन मुलं झाली, ती विसरली. तुम्हीच राहिलात.’

सहाव्या वर्षी तुळाजीनं पाहिलं की फडक्यावरची अक्षरं फिकी झाली आहेत. त्या पहाटे त्याला स्वप्न पडलं. दारात लेक उभी आहे, अंगावर हिरवं लुगडं, हातात चुडा. धुक्यातून वाजंत्री ऐकू येतेय, पण वरात काही दिसत नाही. लेक म्हणते, ‘बाबा, अजून कुणी आलं नाही?’ तो दचकून जागा झाला. बाहेर धुकं होतं. रंगाची वाटी घेऊन तो धक्क्यावर गेला आणि धाकूचं नाव त्याच अक्षरांवरून पुन्हा गिरवलं. कुणी पाहिलं नाही. बोटं तर त्याची आधीपासूनच रंगलेली.

चार दिवस त्याला गाढ झोप लागली. मग स्वप्न परत आलं. पुढच्या वर्षी त्यानं नाव पुन्हा गिरवलं, त्याच्या पुढच्या वर्षीही गिरवलं. रंग त्याच्याकडे, दोरी त्याच्याकडे आणि रागही त्याच्याकडेच. अडवणार कोण? सातवी नारळी पौर्णिमा गेली, आठवी गेली. बाकीच्यांची फडकी पांढरीफेक होऊन उतरली. धाकूचं मात्र लांबून वाचता येत होतं. लोक हळू आवाजात म्हणायला लागले, ‘धाकूचं काहीतरी मोठं राहिलंय बाबा. दर्या सोडत नाही त्याला.’

दरवर्षी घाटावरून शिवलिंगशेट नावाचा व्यापारी सागाचं लाकूड घेऊन यायचा. धाकूचं बांधकाम त्याला फार आवडायचं. नवव्या वर्षी तो धाकूला म्हणाला, ‘मेस्त, पलीकडच्या गावाला मोठा मचवा हवाय. काम तुझंच आहे. पण मी परका माणूस. दोरीवर नाव आहे तोवर मला लाकूड उधार देता येत नाही. या पौर्णिमेला नाव गेलेलं दिसलं तर लाकूड तुझं. नाही तर मला दुसरा मेस्त बघावा लागेल.’

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी धाकूनं धक्क्यावर जाऊन फडकं पाहिलं. अक्षरं काल लिहिल्यासारखी ताजी होती. मग घरी जाऊन त्यानं हत्यारांची पिशवी उचलली आणि चार वर्षांनी पहिल्यांदा तुळाजीच्या ओटीवर चढला. धुकं अजून उठलं नव्हतं. तुळाजीला आधी नुसती पिशवीच दिसली.

‘तुळाजीदादा, हे तुझ्याकडे ठेव,’ धाकू म्हणाला. ‘तासणी आहे, करवत आहे, भोकं पाडायचे सामते आहेत. चांगली हत्यारं आहेत, विकलीस तर पैसा येईल. मी आणि बायको उद्या गाव सोडतोय.’

‘मला कशाला?’ तुळाजी म्हणाला. ‘तुझं कर्ज फिटलं. गाठ मारलीय मी.’

‘पैशाचं फिटलं. पोरीच्या मोडलेल्या लग्नाचं मी कशानं फेडणार होतो? दारावरून जाताना वर बघायचं धाडस झालं नाही. काय बोलावं ते सुचलं नाही, म्हणून नऊ वर्षं गप्प राहिलो. तू गाठ मारलीस, पण दर्याला ठाऊक आहे. म्हणून तो माझं नाव पुसत नाही. त्याचं बरोबरच आहे. मी त्याच्यावर रागावलो नाही.’

एवढं बोलून तो पायऱ्या उतरला आणि धुक्यात दिसेनासा झाला. तुळाजी पिशवीकडे बघत बसला. जे ऐकायला नऊ वर्षं तो आसुसला होता, ते ऐकून झालं होतं, आणि आता त्याला आपल्याच बोटांकडे बघवत नव्हतं. पिशवी ठेवून घेतली असती तर कुणाला काही कळलं नसतं. धाकू गेला असता, दोरी राहिली असती, गाव दर्याला दोष देत बसलं असतं. तुळाजीला रडू कोसळलं.

दुसऱ्या दिवशी सारं गाव नारळ घेऊन धक्क्यावर जमलं. शिवलिंगशेट दोरीशी उभा होता. धाकू आणि त्याची बायको बोचकी घेऊन सगळ्यांच्या मागं थांबले होते. गावकरानं, म्हणजे गावाच्या प्रमुखानं, नारळ उचलला तेवढ्यात तुळाजी पुढं आला.

‘नारळ थांबवा,’ तो म्हणाला. ‘दर्यावर आळ आलाय. धाकूचं नाव दर्यानं केव्हाच पुसलं असतं. मी ते चार वर्षं गिरवतोय.’

गावकर नारळ खाली ठेवत म्हणाला, ‘तुळाजी, तू हे काय केलंस? तुझ्या हातात विश्वासानं दोरी दिली होती. आता तुला काय करायचं? असं कधी कुणी केलंच नव्हतं, म्हणून त्याला नियमही नाही.’

‘विश्वास बुडवला तीही उधारीच की,’ तुळाजी म्हणाला. त्यानं काखेतून पांढरं फडकं काढलं, खाली बसून त्यावर स्वतःचं नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच ठसठशीत आलं. मग धाकूचं फडकं उतरवून त्यानं ते हत्यारांच्या पिशवीसकट धाकूच्या हातात दिलं आणि दोरीची जबाबदारी गावकराकडे सोपवली. शिवलिंगशेटनं मागं वळून हमालांना हाक मारली, ‘लाकूड उतरवा. मेस्ताच्या अंगणात टाका.’

तुळाजी आपलं फडकं पहिल्या खांबाशी बांधायला लागला. तिथं दाट माड होते, दिवसभर सावली असायची. धाकू गर्दीतून पुढं आला. त्यानं फडकं तुळाजीच्या हातातून काढून घेतलं.

‘इथं नको,’ तो म्हणाला.

‘मग कुठं?’ तुळाजीनं मान वर न करता विचारलं.

‘शेवटच्या खांबाला. तिथं ऊन भरपूर आहे, दर्याचा वारा थेट लागतो.’ धाकूनं चालत चालत दोरीचं टोक गाठलं. ‘सात वर्षं राहायचं ते राहील, दादा. एक दिवस जास्त नको.’

तात्पर्य: चूक करणाऱ्याचं नाव ठरल्या मुदतीपर्यंत राहावं आणि मग जावं, जो मनातल्या रागापायी ते पुन्हा पुन्हा गिरवतो, तो शेवटी आपलंच नाव लिहितो.