चढून, उतरून, की सपाटीनं?

"सूनबाई घरात आली की नाही, तेच कळत नाही बाई! हाक मारावी तर 'हूं', नाही मारली तर तेही नाही. त्यापेक्षा भिंतीला टेकवलेलं मुसळ बरं. पडलं तर आवाज तरी होतो!"

सासू शेजारणीला सांगत होती. भिंतीपलीकडे जसमाया नाचणी पाखडत बसली होती. लग्नाला महिनाही झाला नव्हता. तिला हसू आलं, ते तिनं कोंड्याबरोबर उडवून दिलं.

तेवढ्यात सासरे घरी आले. पंचबीर म्हणजे चिमलुंगच्या पहाडी राजाचा दुभाषा. आज टोपी डोक्यावर नव्हती, हातात होती.

"काय झालं?" सासूनं विचारलं.

"जीभ नडली! तो टार्लटन साहेब आहे ना, डोंगरोडोंगरी हिंडून लोकांची डोकी मोजतो, शब्द वहीत उतरवतो, तो! आज म्हणाला, 'तुमच्यात येणं कसं म्हणतात?' मी म्हटलं, कुठून येणं? चढून येणं एक, उतरून येणं दुसरं, सपाटीनं येणं तिसरं. नुसतं येणं आमच्यात नाही. काय हसला! म्हणे, 'लिहितो, या लोकांना साधं ये म्हणता येत नाही!'"

"मग?"

"मग महाराज चिडले. साहेबावर चिडता येईना, म्हणून माझ्यावर! मी म्हटलं, चौथ्या तऱ्हेनं कुणी येतच नाही, तर शब्द कशाला? म्हणाले, 'अस्सं? उद्या दुपारी तुझ्या घरचं एक माणूस माझ्यासमोर हजर कर. चढून नको, उतरून नको, सपाटीनंही नको! आणि ते कसं हजर झालं त्याला तुमच्या बोलीत शब्द हवा. नाहीतर तुमच्या बोलीचं पान साहेबाला वहीतून फाडायला लावीन, आणि तुझी दुभाषेगिरी बंद!' एवढं बोलून स्वारी खाली खोऱ्यात शिकारीला गेली. सकाळी परतेल."

"पाखराच्या पाठीवर बसवून पाठवा कुणाला तरी!"

"अगं, पाखरूही उतरूनच येतं!"

जसमायानं सूप खाली ठेवलं. "मामंजी, मावशीकडे जाऊ?"

मावशी राजवाड्यातली शेगडी राखायची. "जा बाई," पंचबीर म्हणाले. "इथं काय, सुतकच आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी पंचबीर एकटेच हात जोडून उभे राहिले. महाराज शेगडीजवळ पाय शेकत बसले होते. साहेबानं लेखणी सरसावली.

"काय पंचबीर, माणूस कुठाय?"

"म... महाराज..."

"इथं!" शेगडीत निखारे घालणारी बाई उठून उभी राहिली. "मी जसमाया. यांची सून."

"तू? तू तर सकाळी मी आलो तेव्हापासून इथंच आहेस!"

"तेच म्हणते मी! तुम्ही आलात. चढून आलात, मी पाहिलं ना! मी कुठं आले?"

"काल तर राजवाड्यात चढून आलीस!"

"काल आले ती मावशीकडे. तुम्ही म्हणालात, 'माझ्यासमोर.' तुमच्यासमोर मी नाही आले महाराज, तुम्हीच माझ्यासमोर आलात!"

महाराजांनी आपल्या जोड्यांवरचा खोऱ्यातला चिखल पाहिला. साहेब पुढं वाकला. "आणि शब्द? शब्द कोणता?"

"असणं! लिहून घ्या साहेब. मी आले नाही, मी आहे."

महाराज असे हसले की पेल्यातला चहा शेगडीत सांडला आणि चर्रकन आवाज झाला! "साहेब, फाडू नका. आणखी एक पान जोडा!"

साहेबानं कालची ओळ खोडली. "आमच्याकडे येण्याला एकच शब्द," तो पुटपुटला. "फारच गरिबी!"

महाराजांनी गळ्यातली पोवळ्यांची माळ काढून जसमायाला दिली. "पंचबीर, टोपी घाला डोक्यावर. आणि साहेबाला शब्द सांगायचं काम यापुढं हिचं!"

बातमी दोघांच्या आधीच घरी पोचली होती. सासू दारात उभी होती, शेजारीण तिच्या मागं.

"आलीस का गं?" सासूनं विचारलं. आवाज लोण्यासारखा मऊ झाला होता.

"आले ना सासूबाई!" जसमाया खणखणीत म्हणाली. "उतरून आले. आता तरी कळलं ना?"