सूनृतेने रेखाटलेला व्याघ्र

पूर्वी कृतयुगात, पर्वत नुकतेच स्थिरावले होते आणि भूमीवर कोणीही आपली सीमा आखली नव्हती, त्या काळी विंध्याच्या दक्षिण उतारावर दार्भायण नामक महर्षींचा आश्रम होता. तेव्हाचे व्याघ्र निष्कलंक सुवर्णवर्णाचे असत. कळपाने हिंडत, एकाच डोहात डुंबत आणि एकच शिकार वाटून खात.

बारा वर्षे हिमवंतावर घोर तप करून, वाक्सिद्धीचा वर घेऊन दार्भायण स्वगृही परतत होते. वाटभर त्यांच्या मनात एकच चित्र होते: पत्नी सूनृता अर्घ्यपात्र घेऊन दारी उभी आहे आणि तिचे नेत्र भरून आले आहेत. प्रत्यक्षात दार रिकामे होते. सूनृता अग्निशाळेपाशी बसली होती, तिच्या मांडीवर एका प्रचंड व्याघ्राचे मस्तक होते आणि ती त्याच्या पंज्यातून साळिंदराचा काटा उपटत होती.

"क्षणभर थांबावे, स्वामी," वर न पाहताच ती म्हणाली. "काटा अर्ध्यावर आला आहे."

वणव्यात माता गमावलेला तो बछडा निपुत्रिक सूनृतेने वाढवला होता. त्याचे नाव हेमांग. तो ऋषींच्याच मृगाजिनावर निजे. त्याच्या गुरगुरण्यातला भूक आणि लाड यांतला भेद तिला कळे. पतीच्या मौनाचा अर्थ मात्र ती विचारीना. अप्सरांच्या नृत्याने ज्यांची पापणी लवली नव्हती, त्या तपोधनाच्या अंतरी एका पशूविषयी मत्सराचा निखारा शिलगला.

आठव्या दिवशी नदीतीरी तिचे शब्द त्यांच्या कानी पडले. हेमांगाची मान खाजवीत ती म्हणत होती, "तू नसतास तर ही वर्षे मी कशी कंठली असती रे?"

हे वाक्य ऐकण्यासाठीच ते इतकी योजने चालत आले होते. ते त्यांच्या वाट्याला आले नाही. कमंडलूतील जल हाती घेऊन ते गरजले, "अरे व्याघ्रा! तुझे दर्शन मला जसे असह्य झाले आहे, तसेच तुला तुझ्या जातीचे दर्शन असह्य होवो! एकटा राहा, एकटा फीर! तुझा वंश क्षीण होत जावो!"

तत्क्षणी नदीच्या डोहात डुंबणारे व्याघ्र एकमेकांवर गुरगुरत दिशादिशांना पांगले. हेमांगाने सूनृतेकडे एकवार पाहिले.

सूनृता उठली. "नाथ, मत्सर आपला आणि तो भोगायचा याने? मला जवळ बसवून 'कशी होतीस?' एवढे विचारले असते, तर मी बारा वर्षांचे सारे सांगितले असते."

महर्षींची मान खाली गेली. "वाणी सिद्ध आहे, सूनृते. शाप मला मागे घेता येत नाही. मात्र त्याला मर्यादा घालता येईल. माग."

"मातेच्या आणि तिच्या बछड्यांच्या मध्ये हा मत्सर येऊ नये."

"तथास्तु. बछडे स्वतः शिकार करू लागेपर्यंत माता त्यांना अंतर देणार नाही."

मग सूनृतेने यज्ञकुंडातली काजळी तुपात कालवली आणि हेमांगाच्या पाठीवरून, कुशीवरून आपली बोटे ओढली, म्हणजे उंच गवताच्या सावल्यांत तो वैऱ्यांना दिसू नये. पांगलेल्या प्रत्येक व्याघ्राला गाठून तिने अशाच रेषा काढल्या. कोणत्याही दोहोंच्या रेषा मात्र सारख्या काढल्या नाहीत. "आता कळपात दिसला नाहीत, तरी एकेकाला मी ओळखीन," असे म्हणून ती त्यांच्यामागे अरण्यात गेली, ती आश्रमात परतली नाही.

व्याघ्र विरळ झाले तशी हरिणे माजली. त्यांनी कोवळे अंकुर खाल्ले, उतार उघडे पडले आणि आश्रमाची नदी आटली. तेव्हा वृद्ध दार्भायणांनी शिष्यांना बोलावून आज्ञा केली, "मी ज्याला शापिले, त्याला तुम्ही राखा."

तेव्हापासून व्याघ्र एकटा फिरतो, झाडांवर नखे ओढून आपली सीमा आखतो आणि दुसऱ्याची चाहूल लागताच डरकाळी फोडतो. त्याचा वंश क्षीण होत चालला आहे. तो अद्याप सर्वस्वी लोपलेला नाही, कारण ती आज्ञा मानणारे कोणी ना कोणी प्रत्येक युगात उरले आहेत.