सोनकीची मिटलेली मूठ

आलात का सगळी? नंदू, पाय पांघरुणात घे. शमे, तू इकडे ये, माझ्या कुशीत. आता हूं म्हणायला विसरायचं नाही, नाहीतर गोष्ट रुसते.

तर फार फार मागे एक राजा होता, आणि त्याला चालायचं माहीतच नव्हतं.

लंगडा नव्हता हं. पाय चांगले धडधाकट होते. पण चालायची कधी वेळच आली नाही. लहानपणी दाईच्या कडेवर, मग पालखीत, मग हत्तीवर. महालात सगळीकडे गालिचे. राजाच्या पायाला माती लागू द्यायची नाही, अशी त्या राज्याची रीतच होती. तळवे कसे, तर लोण्यासारखे मऊ. मघाशी जिन्यात ‘आजी, उचलून घे’ कोण म्हणत होतं? हसता काय? त्या राजाची पुढे काय गत झाली ते ऐका.

राजाचं नाव भद्रसेन. स्वभावानं मात्र लाख माणूस, बरं का. कोणाला दुखवायचं नाही, कोणावर ओरडायचं नाही. त्याची राणी होती मैना. मैना डोंगरावरची, आभाळवाडीची. राजाच्या आईनं तिला जत्रेत पाहिलं, आवडली, आणि सून करून आणली. लग्न महालात झालं. डोंगरावरून फक्त मैनेचे आईबाप आले होते. त्यांनी तरी जावयाचं तोंड कुठे धड पाहिलं? मुंडावळ्याच एवढ्या गच्च होत्या!

मग मैनाराणीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं. राणी झाली म्हणून आईची माया थोडीच सुटते? ओटी भरली आणि ती वर आभाळवाडीला गेली. राजा रोज सज्जात बसून डोंगराकडे बघायचा. एके दिवशी निरोप्या धापा टाकत आला.

“महाराज, मुलगी झाली. राणीसाहेब सुखरूप आहेत. पण बाळाची उजवी मूठ मिटलेली आहे. काही केल्या उघडत नाही. दूधसुद्धा नीट पीत नाही.”

आता यात घाबरण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. सांगते. आभाळवाडीत बारशाला बाळाच्या उजव्या तळहातावर नव्या नाचणीचा दाणा ठेवायचे आणि मगच कानात नाव सांगायचे. दाणा नाही तर नाव नाही. आणि ज्याला नाव नाही त्या लेकराला डोंगर आपलं म्हणत नाही. मग त्याच्या अंगी काही लागत नाही, ते सुकत जातं. म्हातारी सुईण म्हणाली होती, “ही पोर बापाची वाट बघतीया. बापाला बोलवा.”

राजानं लगेच भोयांना हाक मारली. “पालखी काढा!” तो म्हणाला. “आत्ताच्या आत्ता!”

पालखी निघाली. पुढे धाकू भोई, मागे बाकीचे. चढण अशी की भोयांच्या तोंडाला फेस आला. राजा आत लोडाला टेकून बसला होता, मनातल्या मनात लेकीला हाका मारत. दुपार कलायला लागली तेव्हा पालखी वाडीच्या शिवेवर पोचली.

आता आभाळवाडीची माणसं साधी. त्यांनी पालखी बघितली होती ती फक्त देवाची. पालखीत बसून येतो तो देव, एवढंच त्यांना ठाऊक! झालं. “दुसऱ्या गावचा देव भेटीला आला!” म्हणत सगळी धावत सुटली. ढोल घुमायला लागला. बायकांनी राजाच्या कपाळाला हळदकुंकू फासलं, गळ्यात झेंडूच्या माळा घातल्या आणि त्याला उचलून थेट देवळात नेऊन ठेवलं.

“अरे, मी राजा आहे! मैनेचा नवरा!” राजा ओरडला. पण ढोलापुढे कोणाला ऐकू जाणार?

मग नैवेद्य आला. गरम भाकरी, पिठलं, वर लोण्याचा गोळा. वासानंच राजाच्या तोंडाला पाणी सुटलं. पुजाऱ्यानं ताटाभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले, हात जोडले. आणि ताट उचलून घेऊन गेला की! देव कधी जेवतो का? देवाला दाखवायचं आणि आपण खायचं. राजाच्या डोळ्यांदेखत सगळ्या वाडीनं प्रसाद खाल्ला. भोयांना मात्र पाटावर बसवून, पाय गरम पाण्यानं धुऊन, पोटभर वाढलं. डोंगर चढून आलेल्याचे पाय आधी धुवायचे, ही तिथली दुसरी रीत.

धाकू भोई भाकरी मोडता मोडता म्हणाला, “अहो, तो आमचा राजा आहे!”

“मग? देव राजाच असतुया की,” पुजारी म्हणाला आणि त्याला आणखी पिठलं वाढलं.

मैनाराणी बाळंतिणीच्या खोलीत, दार लावून. तिला काय कळणार? पाहुण्या देवानं परक्या शिवेत मुक्काम करायचा नसतो, म्हणून ऊन उतरायच्या आत वाजतगाजत पालखी शिवेबाहेर काढली. राजा उपाशीपोटी, हळदीनं पिवळा होऊन घरी आला.

हसून घ्या, हसून घ्या. पण त्या बिचाऱ्याला हसू येत नव्हतं. लेक डोंगरावर सुकत होती, बारसं जवळ येत होतं.

मग राजा म्हणाला, “पालखी नको. घोडा आणा.” एकटाच निघाला, टापटाप टापटाप. या खेपेला मी स्वतःच सांगेन सगळ्यांना, त्यानं ठरवलं.

वर पोचला तर काय, वाडीत चिटपाखरू नाही. चुली पेटलेल्या, तव्यावर भाकरी करपतेय, ओसरीवर पाळण्याची दोरी अजून हलतेय. पण माणूस एक नाही, कोंबडी नाही, शेळी नाही. राजा या दारातून त्या दारात घोड्यावरूनच हाका मारत फिरला. कोणी ओ देईना. आणि मग पलीकडच्या कारवीच्या दाट रानातून एक आवाज आला. तान्हं बाळ रडत होतं. अगदी बारीक, दमलेला आवाज. आणि कोणीतरी घाईघाईनं त्याला गप्प करत होतं.

राजाला तेव्हा उमगलं. डोंगरावर घोड्यावरून येतात ते त्याचेच शिपाई. येतात, दरडावतात, कोंबड्या उचलून नेतात. टापांचा आवाज आला की वाडी रानात पळते. त्याची ओली बाळंतीण बायको आणि तान्ही मुलगी आज त्याच्याच भीतीनं काट्याकुट्यांत बसली होती. राजाला फार फार लाज वाटली, पोरांनो. रानात शिरून हाक मारावी असं वाटलं, पण घोडा पुढे गेला तर ती आणखी आत पळतील. त्यानं घोड्याचं तोंड फिरवलं आणि डोंगर उतरला, लवकर घरी येऊ देत बिचारी म्हणून. महालात आल्या आल्या त्यानं पहिलं काम केलं ते त्या शिपायांना घरी बसवलं.

आणि मग त्यानं धाकू भोयाला विचारलं, “धाकू, त्या वाडीत माणसं कशी जातात रे?”

धाकूला प्रश्नच कळेना. “चालत, महाराज. आणखी कशी जाणार?”

दुसऱ्या दिवशी बारसं. राजा पहाटेच उठला. प्रधान म्हणाला, “महाराज, पाय मळतील!” राजा म्हणाला, “मळू देत.” साधं धोतर नेसला आणि निघाला.

पहिल्याच चढणीला त्याच्या जरीच्या मोजड्या फाटल्या. पाय जमिनीला टेकले मात्र, तो “आई गं!” म्हणून किंचाळला. तेवढ्यात खालून कोणीतरी म्हणालं, “हळू रे बाबा. गुदगुल्या होतात मला.”

कोण बोललं? वाट बोलली! डोंगरातल्या पायवाटा बोलतात, बरं का. पण त्या बोलतात उघड्या तळव्यांशी. जोडा घातलेल्याला ऐकू येत नाही, पालखीतल्याला तर नाहीच नाही.

“कोणाकडे निघालास?” वाटेनं विचारलं.

“मैनेकडे.”

“आमच्या मैनेकडे? मग बस त्या दगडावर, दम खा. मी कुठे पळून जात नाही. त्याच दगडावर बसून ती करवंदं खायची. ओठ काळे करून घरी जायची आणि खाल्ली नाहीत म्हणून सांगायची.”

राजाला हसू फुटलं. उठला, चालायला लागला. तळव्यांना फोड आले. दोन्ही बाजूंना सोनकीची फुलं, सगळा उतार पिवळा झालेला. मग आला ओढा. वाट म्हणाली, “जपून. इथे ती पडली होती. शेळीच्या मागे धावत होती. गुडघा फुटला, पण शेळी सोडली नाही हो पोरीनं.” राजानं ती गुडघ्यावरची खूण कितीदा पाहिली होती. कशानं झाली ते कधी विचारलंच नव्हतं. त्यानं ओढ्यात पाय बुडवले आणि पुढे निघाला.

मग आली शेवटची खिंड. तिथे वाट हळू आवाजात म्हणाली, “लग्नाला खाली निघाली ना, तेव्हा ती इथे मागे वळली. खूप वेळ घराकडे बघत उभी राहिली. डोळे पुसले आणि मग उतरली. तुला बोलली नसेल.”

“नाही बोलली,” राजा म्हणाला. तो तिथेच मटकन बसला आणि रडला. मोठा राजा, पण रडला. आणि मग पळतच सुटला, रक्ताळलेल्या पायांनी.

वाडीच्या तोंडाशी त्याची सासू ठकाबाई पाण्याला निघाली होती. तिनं पाहिलं, कोणीतरी दमलेला, धुळीनं माखलेला माणूस येतोय. तिनं घागर खाली ठेवली. “या पाव्हणं. बसा. आधी पाय धुवा, नाव-गाव मागनं.”

तिनं गरम पाणी आणलं आणि स्वतःच्या हातांनी त्याचे पाय धुतले. फोडांना खोबरेल लावलं. मग भाकरी-पिठलं वाढलं, वर लोण्याचा गोळा. या खेपेला ताट कोणी उचलून नेलं नाही. राजा असा जेवला, असा जेवला, की जन्मात तसा जेवला नव्हता.

“आता सांगा, कुणाकडचं पाव्हणं?”

आत बाळ रडत होतं. राजा म्हणाला, “त्या बाळाचा मी बाप.”

ठकाबाईनं डोळे वटारले. “चेष्टा करू नगासा! आमचा जावई राजा हाय.”

“पालखीतून आलो तर तुम्ही देव केलंत, मामी. घोड्यावरून आलो तर रानात पळालात. मग काय करू? चालत आलो.”

ठकाबाईच्या हातातला तांब्याच पडला. आणि आतून खुदकन हसण्याचा आवाज आला. “आई, त्येच हायेत गं! आवाज त्येंचाच!”

दार उघडलं. मैनेनं आधी त्याच्या पायांकडे पाहिलं, आणि तिचं हसू कुठल्या कुठे गेलं. “हे काय करून घेतलंत?”

“काही नाही गं,” राजा म्हणाला. “तू खिंडीत मागे वळून उभी राहिली होतीस ना, ती जागा बघून आलो.”

मैनेनं पदर डोळ्यांना लावला आणि बाळ त्याच्या मांडीवर दिलं.

एवढंसं बाळ, एवढीशी मूठ. सुईण, ठकाबाई, बारशाला जमलेली अख्खी वाडी श्वास रोखून उभी. राजानं घाबरत घाबरत एक बोट त्या मुठीला लावलं. आणि मूठ उघडली! जणू कळीच उमलली. आत काय होतं, सांगा बघू? मोती? हिरा? छे गं. काहीच नव्हतं. बापाच्या बोटापुरती जागा होती. तिनं ते बोट घट्ट धरलं आणि रडायची थांबली.

मग काय, दाणा ठेवला आणि नाव ठेवलं सोनकी. बाळ घटाघटा दूध प्यायलं. राजा आठवडाभर तिथेच राहिला, घोंगडीवर निजला, सासूच्या पाठोपाठ पाण्याला गेला. पुढे दरवर्षी सोनकी फुलली की तिघं पायी वर यायची, वाटेशी गप्पा मारत. त्यांचं सगळं गोड झालं, आपलंही होऊ दे.

चला, नंदू, दिवा मालव. आणि आपल्या पायांनी जा गादीवर, उचलून बिचलून मिळणार नाही. शमे, तू निजलीस होय? आता माझं बोट सोड बाई. नाही सोडत? बरं, असू दे.