झालं म्हणेपर्यंत

“मग अजून काय शिकायचं राहिलंय माझं? एकदा सांगून टाका ना, मास्तर.”

अंबादास मास्तर चालता चालता थांबले. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा नाकावर चढवला आणि चालू लागले.

विचारणारा होता निनाद. एके काळी मास्तरांच्या फोटो स्टुडिओत झाडू मारायचा, दिवे धरायचा. आता पुण्यात त्याचं नाव झालं होतं. बक्षिसं मिळाली होती, गळ्यात भारी कॅमेरा आला होता आणि मान थोडी ताठ झाली होती. पुढच्या आठवड्यात त्याचं प्रदर्शन लागायचं होतं. विषय हीच वस्ती. सोलापुरातली, रुळांना चिकटून वसलेली, विणकरांची आणि विडी वळणाऱ्या बायकांची. उद्घाटनाला त्याला मास्तर हवे होते. मास्तर हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. त्यामुळे तो सकाळपासून धुमसत होता.

“फोटो बघितलेत ना तुम्ही?”

“बघितले.”

“मग?”

“चांगले आहेत.”

“चांगले… एवढंच?”

मास्तर चालत राहिले.

निनादनं रागारागानं कॅमेरा डोळ्याला लावला. समोरून सिद्राम येत होता, सायकलला सुताचं गाठोडं बांधून. कॅमेरा दिसताच त्यानं ब्रेक मारला. एक पाय खाली टेकवला, हनुवटी वर केली आणि श्वास धरून उभा राहिला.

ही या वस्तीची खोड. लावली मास्तरांनीच. इथल्या घराघरातलं लग्न नि बारसं त्यांच्या स्टुडिओत टिपलं गेलेलं. कॅमेरा जुना, माणूस हलला की चेहरा पुसट यायचा. म्हणून मास्तर सांगायचे, श्वास धरा. फोटो निघाला की म्हणायचे, झालं. तो शब्द कानावर येईपर्यंत इथं कुणी हलत नाही. मग कॅमेरा कुणाचाही असो.

“हे बघा!” निनाद वैतागला. “अख्खी वस्ती पुतळ्यासारखी उभी राहते. माझ्या कॅमेऱ्याचा आवाजसुद्धा होत नाही, मास्तर. पुण्यात मी फोटो काढला हे लोकांना कळतही नाही.”

आणि तो पुढे निघाला. सिद्राम तसाच उभा.

“झालं, सिद्राम,” मास्तर म्हणाले.

सिद्रामनं श्वास सोडला. “बरं मास्तर,” म्हणत पॅडल मारून गेला.

निनादला हसू आलं. “पण मी त्याचा फोटो काढलाच नव्हता.”

“त्याला काय ठाऊक?”

गल्ली संपते तिथं रूळ लागतात. तिथंच ते वळण घेतात, त्यामुळे कडेला उभं राहिलं की लांबवर सरळ रुळांतून नजर जाते. निनादला ही जागा पाठ होती. तो खडीच्या कडेला गुडघा टेकून बसला. मास्तर थकले होते. ते पाठ फिरवून एका दगडावर बसले.

पुढे काही अंतरावर नागम्मा रूळ ओलांडत होती. डोक्यावर विड्यांची पाटी. पलीकडच्या कारखान्यात माल द्यायला बायका रोज इथूनच जातात. दोन रुळांच्या मधोमध आली आणि तिची नजर कॅमेऱ्यावर गेली.

नागम्मा थांबली.

तिनं पदर सावरला. कॅमेऱ्याकडे तोंड केलं. ताठ उभी राहिली.

निनाद हरखला. असा फोटो त्यानं जन्मात पाहिला नव्हता. त्यानं बटण दाबलं. आवाज झाला नाही.

तेवढ्यात तिच्या मागे, लांब, मालगाडीचं इंजिन दिसलं.

निनादनं कॅमेरा खाली घेतला नाही. गाडी लांब आहे, असं त्याला वाटलं. बाई रोजची आहे, होईल बाजूला, असंही वाटलं. खरं सांगायचं तर इंजिन अजून थोडं जवळ यायला हवं होतं…

त्यानं पुन्हा बटण दाबलं.

भोंगा वाजला. नागम्मा हलली नाही.

मास्तरांनी मान वळवली आणि ते दगडावरून उठले ते धडपडतच. त्यांचा पंजा थेट कॅमेऱ्याच्या भिंगावर पडला.

“झालं! नागम्मा, झालं! झालं गं!”

“हात काढा, मास्तर!” निनाद ओरडला. हो, तो हेच ओरडला.

मग गाडी आलीच.

एकामागून एक डबे धडधडत गेले. दोन डब्यांमधल्या फटीतून पलीकडचं काही दिसत नव्हतं. आता कुठे निनादला कळलं की आपण काय करून बसलो. मास्तरांचा पंजा अजून भिंगावरच होता. त्यांचे डोळे मिटलेले होते.

गाडी संपता संपेना…

शेवटचा डबा गेला.

पलीकडे खडीवर पाटी पालथी पडली होती. विड्या विखुरल्या होत्या. त्यांच्या शेजारी नागम्मा बसली होती, एका पायातली चप्पल नीट करत.

निनादला रडू फुटलं.

“अव्वा,” तो कसाबसा ओरडला, “गाडीचा आवाज आला नाही का तुम्हाला?”

“आला की ओ!” नागम्मा तिकडून म्हणाली. “पण म्हटलं, तुम्ही बघालाव की समोरून.”



मास्तरांनी हात काढला. निनादनं कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहिलं. वर इंजिन, खाली नागम्मा. पदर सावरलेला, मान ताठ, नजर सरळ त्याच्यावर. त्यानं आजवर काढलेला सगळ्यात चांगला फोटो. त्याच्याबद्दल त्याला शंका नव्हती, आणि त्याचीच त्याला भीती वाटली.

“पुसून टाकतो,” तो पुटपुटला. अंगठा बटणावर गेला.

मास्तरांनी त्याचं मनगट धरलं.

पलीकडे नागम्मा उठून विड्या वेचायला लागली होती. मधेच कमरेवर हात ठेवून तिनं हाक दिली,

“ओ फोटोवाले! चांगला आला का ओ?”

निनादनं मास्तरांकडे पाहिलं.

मास्तर म्हणाले, “विचारतेय ती. सांग की.”