शीळ घालणारी मोटार

कुरणगडच्या महाराजांची मोटार शीळ घालू लागली!

डाव्या दारावरची पितळी पट्टी मधेच जराशी फुगली होती. मोटार वेगात निघाली की त्या फटीत वारा शिरे आणि थेट टवाळ पोरासारखी शीळ वाजे. गेल्या गुरुवारी शेजारच्या संस्थानच्या राजमाता मेण्यातून चालल्या होत्या. महाराजांची मोटार बाजूने गेली आणि अशी काही शीळ वाजली की भोई जागीच थबकले! दुसऱ्याच दिवशी राजमातांचा खलिता आला : "आमचं वय सत्तर आहे. निदान त्याचा तरी मान राखावा."

महाराज शरमेने लालबुंद झाले. राजमातांची त्यांनी मनापासून माफी मागितली आणि रविवारी त्यांना मेजवानीचं आमंत्रण दिलं. त्यांना आणायला हीच मोटार जायची होती.

पट्टी काढायला शहरातून मिस्त्री आला. पट्टी बारा रिव्हेटांनी, म्हणजे ठोकून बसवलेल्या पितळी खिळ्यांनी, दाराला जखडलेली. आतून हात पोचायची सोय नाही. मिस्त्रीने रिव्हेटचं डोकं कोरून काढायला त्यावर गिरमिट धरलं आणि फिरवलं. गिरमिट फिरलं, तसं रिव्हेटही फिरलं! त्याने जोर लावला, गिरमिट सटकलं आणि निळ्याभोर रंगावर वीतभर ओरखडा उमटला.

"हाकला याला!" महाराज गरजले. "आजपासून माझ्या मोटारीला हातोडा लागणार नाही, ओरखडा पडणार नाही आणि एकही भोक पाडायचं नाही! आणि पट्टी मात्र रविवारच्या आत निघाली पाहिजे!"

"पण महाराज, ते कसं..." ड्रायव्हर दामू पोतदार चाचरला.

"तू ड्रायव्हर ना? तूच बघ. नाही जमलं तर नोकरीही गेली आणि मोटारखान्यामागची खोलीही!"

"मोटार हळू हाकली तर शीळ वाजत नाही, सरकार."

"मग बैलगाडीच जुंपतो की!"

दामू घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. त्याची बायको गोजरा भाकरी थापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"रिव्हेट फिरतंय म्हणता?"

"गरागरा!"

"आणि तरी निघत नाही म्हणताय. घट्ट असतं तर फिरलं असतं का? ते सैल झालंय, म्हणून हट्टी झालंय. त्याला धरून ठेवायला हवं."

"धरणार कशानं? डोकं केवढं, हरभऱ्याएवढं!"

गोजरा सोनाराची लेक. बापाच्या पेढीवर बारीक मणी कसा धरतात, हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं. तिने तव्यावरची भाकरी उतरवली आणि माहेरून आणलेली पेटी उघडली.

शनिवारी सकाळी ती शेगडी, लाखेची कांडी, बापाचं बारीक गिरमिट आणि दामूच्या जुन्या वहाणांचे तळ घेऊन मोटारखान्यात हजर झाली. महाराज खुर्ची टाकून बसले. शेजारी कारभारी उभे.

गोजराने वहाणांचे तळ पट्टीच्या वर आणि खाली दोरीने घट्ट बांधले, रंग झाकून टाकला.

"अगं ए!" कारभारी किंचाळले. "महाराजांच्या मोटारीला वहाण लावतेस?"

"अनवाणी कशी ठेवू, कारभारीसाहेब? गिरमिट सटकलं तर बोचेल ना तिला!"

महाराजांच्या मिशा हलल्या. पण ते हसले नाहीत.

तिने लाख तापवली आणि रिव्हेटच्या डोक्याभोवती थेंब थेंब सोडली. लाख फटीत उतरली, गार झाली, दगडासारखी कडक झाली. मग तिने मधोमध गिरमिट टेकवलं. दामू डोळे मिटून उभा. तिने श्वास रोखून गिरमिट फिरवलं. एक फेरा, दोन, दहा... रिव्हेट जागचं हललं नाही! पितळेची भुकटी उडाली आणि टिच्चकन डोकं निघून हातात आलं. उरलेला देठ तिने बांबूच्या काडीने आत ढकलला. दार हलवताच तो खालच्या फटीतून टपकन जमिनीवर पडला.

दुपारपर्यंत बाराही रिव्हेटं निघाली. पट्टी अलगद दामूच्या हातात आली. रंगावर नवा ओरखडा नावालाही नव्हता.

महाराज उठले, वाकून पाहू लागले. पण कारभाऱ्यांना काही चैन पडेना.

"महाराज, ही बारा भोकं बघा! एकही भोक पाडायचं नाही असा हुकूम होता!"

"खरंच की!" महाराजांच्या कपाळावर आठी पडली. "काय गं, ही भोकं कोणी पाडली?"

"मोटार बनवली त्यांनी, महाराज. भोकं नसती तर रिव्हेटं बसली कुठं असती? मी फक्त भोकांतली गर्दी हटवली. तेरावं भोक सापडलं, तर खोली आत्ता रिकामी करते."

कारभारी तेरावं भोक शोधायला मोटारीभोवती दोनदा फिरले. मोटारीखालीही डोकावले. मग म्हणाले, "बरं, पण गिरमिट तर चालवलंस! रिव्हेटला भोक पाडलंस! रिव्हेट मोटारीचं नव्हे काय?"

"रिव्हेट मोटारीचं, तर पट्टीही मोटारीचीच की!" गोजरा म्हणाली. "मग महाराजांनी काय मोटारच मोडायला सांगितली होती? त्यांना पट्टी नकोशी झाली होती. नकोसा पाहुणा उठला, की त्याचं सामानही उचलायचं ना, कारभारीसाहेब?"

कारभारी पुन्हा मोटारीखाली डोकवायला वाकले.

महाराज असे खदखदून हसले की फेटा कलला! हसता हसता त्यांनी दामूच्या पाठीवर थाप मारली. "नोकरी तुझी, खोलीही तुझी! पण मोटारीला हात लावायच्या आधी हिला विचारत जा! आणि गोजराबाई, तुला दरबारातून सोन्याच्या पाटल्या!"

गोजराने पदर सावरून मुजरा केला. पण जागची हलली नाही.

"आता काय?"

"सोनाराची लेक आहे, महाराज. आधीच विचारून घेते : पोकळ की भरीव?"

"भरीव गं बाई, भरीव!" महाराज डोळे पुसत म्हणाले. "आणि कारभारी, तिच्यासमोरच तोलून द्या!"