अध्यक्षांच्या शुभहस्ते काडी

भजनस्पर्धेच्या ऐन वेळी वीज गेली आणि देवळाच्या अंगणात भाड्याचा जनरेटर आणून सुरू केला. त्याच्या सॉकेटमध्ये वायरची उघडी टोकं खुपसली होती आणि ती निसटू नयेत म्हणून काडेपेटीतल्या काड्या ठोसल्या होत्या. खाली सड्याचं पाणी अजून वाळलं नव्हतं.

मंडळाच्या चिटणीस मालनबाई थोरवे यांनी कपाळावर हात मारला. "अप्पासाहेब, सांगून सांगून घसा कोरडा पडला! तीन पिनांचा, झाकणवाला प्लग आणा म्हटलं, तर ऐकेल कोण?"

अध्यक्ष अप्पासाहेब फेटा सावरत म्हणाले, "काही होत नाही हो. वर्षानुवर्षं असंच चालतंय. तुम्ही मात्र दरवेळी चांगल्या कामात काडी घालता."

झालं! मालनबाईंचा पारा चढला. माइक अजून जोडला नव्हता, पण बाईंचा गळा भजनाचा. देवळाच्या पायरीवर उभं राहून त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मंडळी, काडी घालायचा मान माझा नव्हे, अध्यक्षांचा! आता अप्पासाहेबांच्या शुभहस्ते चालू जनरेटरमध्ये काडी घालण्यात येईल. देवाचं अंगण आहे, तेव्हा त्यांनी चपला काढून पुढं यावं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. नारळ, फीत, कोनशिला, कशालाच आजवर नाही न म्हटलेले अप्पासाहेब ओल्या फरशीकडे बघत चक्क मागे सरकले.

"अरे, आधी त्या काड्या काढा! प्लग आणा कुणीतरी!"

"ऐकलंत ना मंडळी?" मालनबाई म्हणाल्या. "काडी घातलेली अध्यक्षांनाही खपत नाही!"